फार स्वच्छ लॉगबुक

ऑफ सीझनला साखर कारखान्यात दोन कामं निघतात. मशिनरी खोलतात आणि अधिकाऱ्यांना ट्रेनिंगला बसवतात. रोलर, पंप, व्हॉल्व्ह सगळं उघडून साफ होतच असतं, त्यातच आमचीही दुरुस्ती उरकून घ्यावी असा वरच्यांचा हिशेब असावा. मी चीफ केमिस्ट झालो त्या पावसाळ्यात पुण्याहून एक प्रशिक्षक आले. विषय होता नेतृत्वशैली. त्यांनी छापील प्रश्नावली वाटली. ‘हाताखालच्या माणसाकडून चूक झाली तर आपण काय करता?’ आणि खाली चार पर्याय. आता या प्रश्नाला ‘आईबापाचा उद्धार करतो’ असं कोण लिहून देणार? सगळ्यांनी ‘शांतपणे समजावून सांगतो’वर खूण केली. त्यात आमचे एक इंजिनिअर होते. मिल थांबली की त्यांचा आवाज वजनकाट्यापर्यंत ऐकू जायचा. गुणांची बेरीज झाली आणि ते लोकशाहीवादी निघाले. मीही निघालो. अख्खा हॉल लोकशाहीवादी निघाला.

प्रशिक्षक मात्र अभ्यासू होते. त्यांनी कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात लेविन आणि त्याचे सहकारी लिपिट आणि व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट केले, त्यांना मुखवटे वगैरे बनवायला दिले आणि प्रत्येक गटावर वेगवेगळ्या पद्धतीने वागणारा मोठा माणूस नेमला. एक नुसता हुकूम सोडणारा, दुसरा मुलांना विचारून ठरवणारा, तिसरा काहीच न करणारा. त्यावरचा त्यांचा निबंध १९३९ साली प्रसिद्ध झाला. या प्रयोगात एक बारीकशी युक्ती होती. तो मोठा माणूस मधूनच खोलीबाहेर जायचा. हुकमी गटातलं काम त्याची पाठ वळताच ढेपाळायचं. विचारून चालणाऱ्या गटात तो असला काय, नसला काय, फारसा फरक पडत नसे.

प्रशिक्षकांनी तीन शैलींचा तक्ता फळ्यावर काढला आणि ते पुढच्या मुद्द्याला गेले. मी मागेच राहिलो. कारण साखर कारखान्यात साहेब बहुतेक वेळ खोलीबाहेरच असतो.

आमच्या पाळ्या पहाटे चारला, दुपारी बाराला आणि रात्री आठला बदलतात. हंगाम एकदा सुरू झाला की दिवाळीच्या आगेमागे पेटलेला बॉयलर मार्च-एप्रिलपर्यंत विझत नाही. चीफ केमिस्ट कितीही राबला तरी चोवीस तासांतले दहा-बारा तासच कारखान्यात दिसणार. रात्री दोन वाजता पॅनवर, म्हणजे साखरेचा दाणा बनतो तिथे, काय झालं ते त्याला सकाळी कळणार, तेही कुणी सांगितलं तर. आणि न सांगण्याची किंमत मोठी असते. दिवसाला ४,००० टन गाळप असेल तर उताऱ्यातला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणातला, ०.१ टक्का म्हणजे ४ टन साखर, पन्नास किलोची ८० पोती. केंद्र सरकारने २०१९ साली किमान विक्री दर किलोला ३१ रुपये केला, त्या दराने धरली तरी रोजचे सव्वा लाख रुपये. शिवाय उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, उताऱ्याला बांधलेली. म्हणजे रात्रपाळीत झाकलेली गोष्ट फिरून शेतकऱ्याच्या बिलात उतरते.

शिफ्ट केमिस्ट म्हणून मी दोन निरनिराळ्या कारखान्यांत दोन चीफ केमिस्टांच्या हाताखाली काम केलं. पहिले साहेब अतिशय सभ्य. शिपायालाही ‘आपण’ म्हणायचे, आवाज कधी चढवला नाही. काही बिनसलं की दुसऱ्या दिवशी टेबलावर मेमो यायचा आणि त्याची प्रत ऑफिसात फाइलला लागायची. त्यांच्या हाताखालचं लॉगबुक बघण्यासारखं होतं. क्लिअर ज्यूसचा पीएच दर तासाला ७.०. पुन्हा ७.०. पुन्हा ७.०. आठ तासांच्या आठ नोंदी एकाच पेनाने, एकाच दाबाने, पाळी संपता संपता दहा मिनिटांत भरलेल्या. ज्याने एकदा तरी सल्फिटेशनवर उभं राहून काम केलंय त्याला हे बघून हसू यावं. एकीकडून चुन्याचं दूध येतं, दुसरीकडून गंधकाचा धूर, आणि माणूस हाताने व्हॉल्व्ह फिरवून दोघांचा मेळ घालतो. तिथे आठ तास सरळ रेघ येत नाही. पीएच खाली गेला की उसातली साखर फुटते, ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊन मळीत जाते, पुन्हा हाती लागत नाही. वर गेला की रस लाल पडतो आणि साखरेचा रंग बिघडतो. हे दोन्ही रोज होत होतं. वहीत कधीच होत नव्हतं.

दुसरे साहेब तोंडाचे फाटके. त्यांच्या शिव्या मी इथे लिहू शकत नाही, संपादक छापणार नाहीत. पण त्यांचं लॉगबुक म्हणजे नुसती खाडाखोड. ६.६, मग ७.५, मग गोल करून ‘पुन्हा घेतला, ७.१’. आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘चुन्याचा पंप चोक, २० मिनिटं’, ‘गंधक संपलं, स्टोअरची किल्ली मिळेना’. ते आले की सर्वांत आधी हा शेऱ्याचा रकाना वाचायचे. किल्लीचं वाचल्यावर त्यांनी स्टोअरकीपरला बोलावून जे काही ऐकवायचं ते ऐकवलं, आणि त्या रात्रीपासून एक किल्ली शिफ्ट इनचार्जच्या ड्रॉवरमध्ये राहू लागली. दुपारी ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच बाकावर बसून चहा. पोरं त्यांना घाबरत होती, पण सांगायला घाबरत नव्हती. गोड बोलणारा साहेब चांगला आणि तोंडाळ साहेब वाईट, ही माझ्या डोक्यातली वाटणी तिथे मोडली. खरी उत्तरं लिहिली असती, तरी प्रश्नावलीत दोघांचे गुण नेमके उलटे आले असते.

मी स्वतः चीफ झालो तेव्हा माझी शैली कोणती हे मला प्रश्नावलीने नाही, नकलेने सांगितलं. हंगामाची सांगता झाली, सत्यनारायण झाला, जेवणं झाली. अशा वेळी पोरं साहेबांच्या नकला करतात आणि साहेबांनी ते चालवून घ्यायचं असतं. लॅबमधला एक सीझनल पोरगा उठला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, कुणाकडे न बघता सरळ चालत आला, जेवणाचं रिकामं ताट पुस्तकासारखं दोन्ही हातांत धरलं, त्यावरून वरून खाली बोट फिरवलं, ‘हं’ म्हणाला आणि निघून गेला. बस, एवढंच. मंडप पोट धरून हसला. आमचे थोरले पॅनमन, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणायचा, ते तोंडात टॉवेल कोंबून हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी मामांना विचारलं. ते आधी ‘पोरांचं काय मनावर घेताय’ म्हणाले. मग म्हणाले, ‘तुम्ही काय वंगाळ न्हाई, साहेब. पर तुम्ही आला की आधी वही बगता. मग पोरं वही नीट ठेवत्यात. पॅन कोण बगतंय?’

मी मेमो देत नव्हतो, ओरडत नव्हतो. तरी आमचं लॉगबुक त्या पहिल्या साहेबांच्या लॉगबुकासारखं सुबक होत चाललं होतं, आणि त्याला कारण माझा रोजचा चालण्याचा रस्ता. हाताखालची माणसं साहेबाचं बोलणं कमी ऐकतात. तो आल्याबरोबर कुठे वळतो, कशापाशी थांबतो, कशावर भुवई वर जाते, हे बारकाईने बघतात आणि त्या हिशेबाने आपलं काम लावून घेतात. तेव्हा पुढच्या हंगामापासून मी जिना चढून आधी पॅनवर जाऊ लागलो. लॉगबुक दुपारी, चहा झाल्यावर.

पॅनचा मजला ज्याने पाहिला नाही त्याला थोडं सांगायला हवं. पॅन म्हणजे मोठं बंद भांडं, आतून निर्वात केलेलं असतं, त्यामुळे सिरप साठ-पासष्ट अंशांनाच उकळतं आणि करपत नाही. त्या उकळत्या पाकात साखरेचा दाणा उठवायचा, मग सिरप थोडं थोडं देत तो वाढवायचा. मामा पॅनच्या पोटातून प्रूफ स्टिक ओढायचे, तिच्या खोबणीतला पाक काचेच्या तुकड्यावर पुसायचे आणि काच बल्बसमोर धरायचे. मग अंगठा आणि तर्जनीत थेंब घेऊन बोटं हळूच लांब करायचे. तार किती लांब जाते, कुठे तुटते, यावरून त्यांना आत काय चाललंय ते कळायचं. मी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेला. सुपरसॅच्युरेशनचं गणित मला तोंडपाठ. पण काचेवर दाण्यांच्या मध्ये धुळीसारखा जो नवा बारीक दाणा दिसतो, तो मला दिसायच्या आधी मामांनी पाण्याचा व्हॉल्व्ह उघडलेला असायचा. हा फॉल्स ग्रेन वेळीच विरघळवला नाही तर सेंट्रिफ्यूगलच्या जाळीतून निसटतो किंवा जाळी तुंबवतो, आणि साखर मळीच्या वाटेला लागते.

अशा माणसाला मी काय नेतृत्व देणार? पण त्यांच्याशेजारी रोज अर्धा तास उभं राहिल्यावर एक गोष्ट कळली. फॉल्स ग्रेन बहुतेक वेळा मामांच्या हातून होत नव्हता. व्हॅक्यूम अचानक वाढायचा, पॅनमधलं तापमान उतरायचं आणि नको असलेला दाणा उठायचा. व्हॅक्यूम हलायचा कारण तो टिकवणाऱ्या इंजेक्शनच्या पाण्याचा एक पंप अधूनमधून दुसऱ्या कामाला वळवला जायचा, आणि परत आला की व्हॅक्यूम एकदम चढायचा. वळवणारे खाली, इंजिनिअरिंगचे. त्यांना वर काय होतं त्याची कल्पना नव्हती आणि मामा कितीही थोरले असले तरी इंजिनिअरला जाऊन सांगायचे नाहीत. कारखान्यात ती रीत नाही. सांगायचं काम माझं होतं. त्या मजल्यावर माझ्याकडे तेवढंच काम होतं, आणि ते माझ्याशिवाय कुणाला करता येण्यासारखं नव्हतं.

याच्या बरोबर उलटं काम बॉयलरच्या पाण्याचं. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये वाफेचं पाणी होतं, ते बॉयलरला परत जातं. त्या पाण्यात चुकून रस मिसळला तर बॉयलरमध्ये साखर करपते, पाणी आम्ल होतं, फेसाळतं, नळ्या जातात. म्हणून लॅबमधला पोरगा तासा-तासाला नमुना घेतो. परीक्षानळीत गार केलेलं पाणी, त्यात अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब, मग नळी तिरपी धरून कडेने सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं. दोन थरांच्या सांध्यावर जांभळं कडं आलं की पाण्यात साखर आहे. इथे चर्चा नाही, मतं विचारणं नाही. पाणी ताबडतोब गटारात सोडायचं आणि बॉयलरला साठवलेलं दुसरं पाणी द्यायचं. जुनी रीत अशी होती की पोराने शिफ्ट केमिस्टला सांगायचं, त्याने इनचार्जला, मग बॉयलरला निरोप. मी नियम केला की ज्याला कडं दिसलं त्याने स्वतः बॉयलरला फोन करायचा. साहेबांना नंतर सांगितलं तरी चालेल.

एका रात्री ज्याने नक्कल केली होती त्याच पोराने फोन केला. पाणी सोडलं गेलं, वाफ उतरली, मिल अर्धा-पाऊण तास हळू चालवावी लागली. नंतर दिसलं, पाणी स्वच्छ होतं. पोरगा त्याआधी साखरेचा नमुना घेऊन आला होता, हात न धुता नळी हाताळली होती. सकाळी दहाच्या मीटिंगला कार्यकारी संचालकांनी विचारलं, ‘पाणी सोडायला कुणी सांगितलं?’

‘मी.’

‘तुम्ही तर घरी झोपला होता.’

‘नियम माझा आहे.’

ते थोडं पुटपुटले, मग गव्हाणीवर थांबलेल्या गाड्यांचा विषय निघाला. पोराला मी एवढंच सांगितलं, की हात धू, दुसरी नळी लाव, पण फोन आधी कर आणि नळी नंतर लाव. पुढे थंडीत त्याचा पहाटे पुन्हा फोन गेला. या खेपेला खरोखर रस येत होता, इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉडीत रसाची पातळी चढली होती आणि रस वाफेबरोबर वाहून येत होता. मागच्या वेळी त्याच्या टेबलावर मेमो पडला असता तर ही परीक्षा त्याने तीनदा केली असती, मग शिफ्ट केमिस्टला शोधत गेला असता.

सहकारी कारखान्यात चीफ केमिस्टच्या हातात तसं काही नसतं. पगार त्रिपक्षीय कराराने ठरतो, भरतीला संचालकांच्या चिठ्ठ्या असतात, काढायचं म्हटलं तर युनियन उभी राहते. छडीही नाही आणि खाऊही नाही. उरतं काय, तर पाळीवाटप आणि रजा. म्हणून ती मी त्यांच्याकडेच सोपवली. चैत्रात जोतिबाची यात्रा, त्याच सुमाराला लग्नसराई, आणि कारखाना शेवटच्या उसावर. कोण कुणाच्या बदल्यात रात्रपाळी करणार हे त्यांनी फळ्यावर मांडायचं, मी सही करायची. भांडणं झाली. पण ती माझ्या केबिनपर्यंत आली नाहीत, कारण कुणाच्या घरी खरंच लग्न आहे आणि कुणाच्या नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांचं म्हणणं पुढे वाचनात आलं, त्यांनी ते १९६९ साली मांडलं होतं. माणूस कामात किती तयार आहे ते बघून पुढाऱ्याने आपली पद्धत बदलावी. मला पटलं. फक्त पुस्तकातलं चित्र वाचून असं वाटतं की माणूस एकदा तयार झाला की झाला. आमच्याकडे पॅनवर संगणकाचा पडदा आला तेव्हा मामा एका रात्रीत नवशिके झाले. आकडे हलताना दिसायचे आणि त्यांचा हात प्रूफ स्टिककडे जायचा. त्यांना शिकवायला डिप्लोमा झालेलं पोरगं बसवलं. त्याला मी आधीच बजावलं होतं, शिकवताना उभं राहायचं, मामांना खुर्ची द्यायची. आणि मामांना सांगितलं, पडद्यावर पटलं नाही की काच बघा, पण काय दिसलं ते पोराला दाखवा. महिनाभरात पोरगा काच बघून बोलायला लागला. मामा पडद्याला शेवटपर्यंत ‘टीव्ही’च म्हणत राहिले.

आता यातून उतारा वाढला असं लिहायला बरं वाटलं असतं. पण पहिल्यांदा जे वाढलं ते भलतंच. कारखान्याच्या हिशेबात उसातली साखर आणि पोत्यातली साखर यातला फरक चार ठिकाणी दाखवतात. बगॅसमध्ये म्हणजे चिपाडात गेलेली, प्रेसमडमध्ये म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात गेलेली, मळीत गेलेली, आणि चौथा रकाना ‘अज्ञात’. ज्या घटीचा पत्ता लागत नाही ती तिथे टाकतात. आमच्या वहीत प्रेसमडमधलं साखरेचं प्रमाण वर्षानुवर्षं दोनच्या आत असायचं, कारण दोनच्या आत असावं अशी साहेबांची अपेक्षा असते. पोरं खरे आकडे लिहायला लागली तसे तीन, साडेतीन दिसू लागले.

संचालक मंडळाच्या बैठकीत अहवाल ठेवला तेव्हा एका संचालकांनी बोट ठेवलं. ‘तुम्ही चीफ झाल्यापासून प्रेसमडमध्ये साखर जास्त जाते असं दिसतंय.’ मी त्यांना चौथा रकाना दाखवला. प्रेसमडमध्ये जेवढी वाढली जवळजवळ तेवढीच अज्ञातमधली कमी झाली होती. साखर आधीही तिथूनच जात होती, आता तिचं नाव लागलं होतं. त्यांना ते पटायला वेळ लागला. एक जण म्हणाले, ‘म्हणजे आधीचे साहेब बरे होते म्हणायचं, त्यांच्या वेळी कागद तरी चांगला होता.’ सगळे हसले, मीही हसलो. चेअरमन स्वतः शेतकरी. त्यांनी एकच विचारलं, ‘बंद व्हायला काय लागंल?’ मी फिल्टरच्या जाळ्यांचा आणि धुण्याच्या पाण्याच्या फवाऱ्यांचा अंदाजी खर्च सांगितला. त्या ऑफ सीझनला ट्रेनिंगचे पैसे तिकडे वळवले आणि जाळ्या नव्या बसवल्या.